तोल गेला म्हणजे प्यायलाच का?



गेल्या बुद्ध पौर्णिमेच्या आधी आमच्या वस्तीतल्या विहारात बैठक भरली होती. मिरवणुकीत पंचशील ध्वज कोणी धरायचा, एवढाच विषय. इतकी वर्षे तो मान वस्तीतल्या एका गवंडीकाम करणाऱ्या गृहस्थांकडे होता. त्यांना सारेच मिस्त्री म्हणतात, आम्हीही इथे तेच म्हणू. विहाराच्या भिंती त्यांनी श्रमदानाने उभ्या केल्या आहेत. आजही ओळंबा सोडून पाहा, सूतभर फरक सापडणार नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली तेव्हा आपले वडील पोरसवदा वयात त्या गर्दीत उभे होते, हे मिस्त्री वस्तीत आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला सांगतात. तर त्या बैठकीत कोणीतरी हळूच बोलले, "यंदा मिस्त्रींना नको. त्यांचं परत सुरू झालंय."

काय सुरू झाले, हे कोणी विचारले नाही. महिनाभर सारी वस्ती पाहतच होती. मिस्त्री पाय फाकवून चालत. गल्लीत एका बाजूला झोक जाई, मग भिंतीचा आधार घेत. बोलताना शब्द जड येत, अक्षरे तुटत. चहाचा कप ओठापाशी नेईपर्यंत अर्धा सदऱ्यावर सांडे. मजूर अड्ड्यावर मुकादम त्यांना घेईनासा झाला. तरुणपणी मिस्त्री पीत असत, ही गोष्ट लपलेली नव्हती. वीस वर्षांपूर्वी एका श्रामणेर शिबिराहून आले आणि बाटली सुटली ती सुटलीच. पण वस्तीची स्मरणशक्ती अशा बाबतीत फार चांगली असते. ध्वज दुसऱ्याकडे गेला. आम्ही त्या बैठकीत होतो. आम्हीही मान खाली घातली आणि गप्प बसलो. म्हणून आजचे सदर लिहिताना शिकवण्याच्या आसनावर बसण्याचा आम्हाला मुळीच अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पुढचे सांगण्याआधी वाचकांनी आपला हात डोक्याच्या मागे न्यावा. कवटीचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या खाली आणि मानेच्या वर, तान्ह्या बाळाला उचलताना आई जिथे तळहात देते त्या जागी, आतल्या बाजूला लहान मेंदू बसलेला आहे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला अनुमस्तिष्क म्हणतात. मुले परीक्षेत 'शरीराचा तोल सांभाळणे' एवढे एक वाक्य लिहून त्याची बोळवण करतात. वजन म्हणाल तर साधारण दीडशे ग्रॅम, म्हणजे सबंध मेंदूच्या एक दशांशाच्या आसपास. वर मोठा मेंदू, मध्ये एक चिवट पडदा, आणि त्या पडद्याखाली हा. पुढच्या बाजूने तो मेंदूच्या देठाला दोन्हीकडून तीन-तीन जाड दोरखंडांनी बांधलेला असतो. सारी ये-जा त्या सहा दोरखंडांतून. मोठ्या मेंदूसारखेच याचेही उजवा आणि डावा असे दोन भाग, आणि मधोमध वळ्यावळ्यांची एक अरुंद पट्टी. तिच्या लॅटिन नावाचा अर्थच किडा असा आहे. दिसतेही तशीच, गांडुळासारखी.

त्याच्या घड्या मात्र पाहण्यासारख्या. मोठ्या मेंदूच्या घड्या जाड आणि वेड्यावाकड्या. लहान मेंदूच्या अगदी बारीक, एकीला लागून एक, मिटलेल्या वहीची पाने कडेने पाहावीत तशा. त्या सगळ्या उलगडून पसरल्या तर मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ चार पंचमांश जागा व्यापतील असे अलीकडचे मोजमाप आहे. मुठीत मावणाऱ्या वस्तूत एवढे कापड घडी करून ठेवले आहे! मध्ये उभा छेद घेतला की राखाडी रंगात पांढऱ्या तंतूंचे एक झाडच दिसते, खोड, फांद्या, डहाळ्या. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला लॅटिनमध्ये 'जीवनवृक्ष' असे नाव दिले. आम्ही पुस्तकात ते चित्र पाहिले तेव्हा आम्हाला बोधिवृक्ष आठवला. तो आमच्या मनाचा खेळ, शास्त्र नव्हे. आपल्या पुण्यात १८७८ साली वैद्यकीय शाळा म्हणून निघालेल्या आणि १९४६ साली महाविद्यालय झालेल्या बी. जे. मेडिकलमध्ये शिकणारी मुले हा लहान मेंदू हातात घेऊन अभ्यासतात. ज्यांच्या पणजोबांची नाडी पाहायला वैद्य अंगाला हात लावत नसे, त्यांची नातवंडे-पतवंडे आज त्या टेबलाशी उभी असतात. विषय सोडून हे लिहिले, पण लिहिल्यावाचून राहवले नाही.

आता मोजदाद पाहा. २००९ साली ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या मेंदूतल्या मज्जापेशी मोजल्या. एकूण सुमारे ८,६०० कोटी निघाल्या. त्यांतल्या सुमारे ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत! म्हणजे पाचांतल्या चार पेशी या एक दशांश वजनाच्या भागात. त्यांतल्या बहुतेक अगदी बारीक, दाण्यासारख्या. पण त्यांच्यामध्ये रांगेने उभ्या असतात त्या पर्किन्ये पेशी. चेक शास्त्रज्ञ पर्किन्ये यांनी १८३७ साली त्यांचे वर्णन केले म्हणून हे नाव. या पेशीला पंख्यासारख्या पसरलेल्या फांद्या असतात आणि एकेका पेशीवर लाख-दीड लाख धाग्यांचे निरोप येऊन पोचतात. लहान मेंदूच्या या पृष्ठभागावरून बाहेर जाणारा प्रत्येक निकाल पर्किन्ये पेशीच्या हातूनच जातो. ही पेशी मेली की तिच्या जागी दुसरी येत नाही.

एवढा फौजफाटा करतो काय? गंमत अशी की लहान मेंदू हुकूम देतच नाही. हुकूम मोठा मेंदू देतो. मिस्त्रींचेच काम डोळ्यासमोर आणू. थापीवर माल घेऊन भिंतीवर मारायचा. मोठ्या मेंदूने सांगितले, 'मार'. पण खांद्याने किती फिरायचे, कोपराने कधी उलगडायचे, मनगटाने नेमक्या कोणत्या क्षणी झटका द्यायचा आणि मुख्य म्हणजे कुठे थांबायचे, याचा हिशेब कोणी करायचा? मोठ्या मेंदूच्या हुकमाची एक नक्कल लहान मेंदूकडे जाते. त्याच वेळी स्नायू, सांधे, कानातले तोल सांगणारे इंद्रिय आणि डोळे यांच्याकडून, प्रत्यक्षात काय घडते आहे याची खबर येते. ठरले काय आणि घडते काय, ही दोन्ही एकमेकांशी ताडून लहान मेंदू फरक काढतो आणि दुरुस्ती कळवतो, तीही क्षणाच्या छोट्याशा भागात. बांधकामावर विटा रचणारे हात वेगळे आणि ओळंबा वेगळा. ओळंबा वीट उचलत नाही. पण तो नसला तर भिंत कुठे जाईल हे कोणत्याही गवंड्याला विचारा.

शिकणे हेही त्याचेच काम. नवशिक्या बिगाऱ्याने माल मारला तर निम्मा खाली पडतो. सहा महिन्यांनी तोच डोळे मिटून मारतो. मधल्या काळात काय झाले? प्रत्येक पर्किन्ये पेशीला एक स्वतंत्र धागा येऊन वेलीसारखा वेढतो. हात चुकला की त्या धाग्यातून 'चुकले' असा निरोप येतो आणि चुकीला कारण झालेल्या जोडण्या थोड्या सैल पडतात. जपानचे मासाओ इतो यांनी १९८० च्या दशकात प्रयोगांनी हे दाखवले. म्हणजे चूक ही लहान मेंदूची शाळाच. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकायला बसले, हे आपल्याला माहीत आहे. या वयात हात वळतील का, असा विचार त्यांनी केला नाही. लहान मेंदूही तसा विचार करत नाही, रियाज मिळाला की तो शिकतो.

म्हणूनच आम्हाला एका गोष्टीचा फार राग येतो. 'हाताने काम करणाऱ्याला डोके लागत नाही' असे आजही सर्रास बोलले जाते. पुरुषसूक्तात ब्राह्मण मुखातून आणि शूद्र पायातून निघाल्याचे सांगितले, त्या विचाराचाच हा पुतण्या. भाकरी थापणाऱ्या आमच्या माउलीचे हात पाहा. भाकरी परातीत फिरते, कडा एकसारख्या पातळ होतात आणि तिची नजर चुलीवरच्या कालवणावर असते. डोक्यावर दोन हंडे घेऊन घाट चढलेल्या आमच्या आज्या, विड्या वळणाऱ्या बोटांच्या बाया, पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी करणाऱ्या, पाठीवर पोत्याचा डोंगर घेऊन उतारावरून चालणाऱ्या भगिनी, जयंतीला हलगी वाजवणारा पोरगा. यांच्या हातापायांत जे कसब आहे ते हातापायांत नाहीच. ते कवटीत, त्या ६,९०० कोटी पेशींत साठवलेले आहे. पायसुद्धा डोक्यानेच चालतात!

हा ओळंबा बिघडला तर काय होते, हे आधी प्राण्यांवर पाहिले गेले. फ्रान्समधल्या फ्लूरांस यांनी १८२४ च्या सुमारास कबुतरांचा लहान मेंदू थोडाथोडा काढून पाहिला. प्रयोग निर्दय होता, तो आम्हाला रुचत नाही. पण दिसले ते असे, की पक्ष्याला दिसत होते, ऐकू येत होते, उडण्याची इच्छाही होती, पण पंख आणि पाय यांचा मेळ बसत नव्हता. पुढे पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या बाजूला गोळ्या लागलेले सैनिक ब्रिटिश डॉक्टर गॉर्डन होम्स यांच्याकडे आले. १९१७ साली त्यांनी त्यांचे बारकाईने वर्णन छापले. डॉक्टर आजही ज्या खुणा शोधतात त्यांतल्या बऱ्याच त्यातूनच आल्या. लुळेपणा नाही, ताकद गेलेली नाही, पण हात नेमक्या जागी पोचत नाही, पुढे जातो किंवा अलीकडे थांबतो, आणि जागा जवळ आली की थरथर वाढते. एका जखमी सैनिकाने सांगितले की चांगला हात आपोआप चालतो, पण दुसऱ्या हाताची प्रत्येक हालचाल मला विचार करून करावी लागते. आणखी एक विशेष. मोठ्या मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो, लहान मेंदूचा उजवा भाग मात्र उजवीच. मधली पट्टी बिघडली तर धड आणि चाल बिघडते, बाजूचे भाग बिघडले तर हातपाय. शब्द तुटतात, कारण जीभ आणि ओठ हेही स्नायूच. डोळे एका जागी ठरत नाहीत, झटके देत सरकतात. आता हे सगळे एकत्र करून पाहा. फाकलेले पाय, झोक, जड जीभ, सांडणारा कप, भिरभिरे डोळे. आपल्या वस्तीत या चित्राला एकच नाव आहे.

ते नाव अगदी खोटेही नाही. दारू पोटात गेली की ती ज्या ज्या ठिकाणी हल्ला करते त्यांत लहान मेंदू पुढे असतो. प्यालेला माणूस झोकांड्या खातो तो त्यामुळेच. रात्रीची उतरली की तोल परत येतो. पण वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या मधल्या पट्टीतल्या, विशेषतः वरच्या आणि पुढच्या भागातल्या पर्किन्ये पेशी मरत जातात. पोटात अन्न कमी आणि दारू जास्त, त्यामुळे थायमिन म्हणजे बी-१ हे जीवनसत्त्व मिळत नाही, हेही एक कारण. मग तो न पिताही फाकून चालू लागतो. आधी पाय जातात, हात बरेचसे शाबूत राहतात. दारू पूर्ण सोडली आणि आहार सुधारला तर काहीजण सुधारतात, निदान बिघाड थांबतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारूबंदी का आहे, याचे एक उत्तर कवटीच्या मागच्या भागातही सापडते. पिणाऱ्यांची बाजू घेण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही, हे स्पष्ट असावे.

पण मिस्त्री प्यायलेले नव्हते.

पौर्णिमेनंतर आठवडाभराने शेजारची एक मुलगी त्यांच्या घरी गेली. ती नर्सिंगचा कोर्स करते. घरात काय परिस्थिती होती ते नंतर कळले. मुलीचे लग्न ठरलेले, व्याह्यांच्या कानावर कुजबुज गेलेली, मिस्त्री खाटेला खिळलेले. एका दवाखान्यात पित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या. वहिनींनी कोणाच्या तरी सांगण्यावरून एका बाबाला गाठले होते. त्याने करणी सांगून अडीच हजार घेतले. बौद्धाच्या घरात हे, असे कोणी म्हणेल. घाबरलेल्या बाईला आधी आपण दार उघडे ठेवले होते का, हे आम्ही आम्हाला विचारतो. ज्या पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या आणि ज्या राज्यात त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, तिथे बाबांचा धंदा अजून चालतो. निदान या बाबाने मारहाण केली नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

पोरगी म्हणाली, "मामा, जरा माझ्या बोटाकडं बघा. मान हलवू नका, नुसते डोळे." तिने बोट बाजूला नेले तसे मिस्त्रींचे डोळे झटके देऊ लागले. मग तिने त्यांना आपले नाक आणि तिचे बोट आळीपाळीने शिवायला सांगितले. बोट दर वेळी चुकले. तोंडाला वास नाही, सकाळची वेळ. तिने विचारले, "मामा, कसल्या गोळ्या चालू आहेत तुम्हाला?" मिस्त्री गप्प. शेवटी वहिनींनी उठून पिठाच्या डब्यामागून एक पाकीट काढले.

फेनिटोईनच्या गोळ्या होत्या. फिट येऊ नये म्हणून देतात त्या. पंधरा वर्षांपूर्वी परांचीवरून पडून मिस्त्रींच्या डोक्याला मार लागला, तेव्हापासून त्यांना फेफरे येत असे. रोज तीन गोळ्यांवर ते बरे होते आणि नवरा-बायकोशिवाय कोणाला ठाऊक नव्हते. मुलीची सुपारी फुटली आणि त्याच आठवड्यात रात्री एक फिट आली. लग्नात चारचौघांत आली तर? या धास्तीने मिस्त्रींनी डॉक्टरला न विचारता चार गोळ्या सुरू केल्या, मग पाच.

इथे या औषधाचा एक स्वभाव समजून घ्यायला हवा. १९३८ पासून वापरात असलेले, स्वस्त आणि गुणकारी असे हे औषध आहे. लाखो लोक त्यावर धड आयुष्य जगतात. पण यकृताची ते पचवण्याची ताकद ठरावीक असते. ती पुरी वापरली गेली की पुढची एकच गोळी रक्तातले प्रमाण एकदम चढवते. मोरीची भांडी भरून वाहू लागतात तसे. साधारणपणे रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये १० ते २० मायक्रोग्रॅम हे प्रमाण योग्य मानतात. २० च्या पुढे डोळे झटके देऊ लागतात, ३० च्या पुढे तोल जातो, त्याहून वर गेले तर माणूस गुंगीत जातो. लहान मेंदूवर याचा मार आधी बसतो. क्षयाच्या औषधांतले आयसोनियाझिड आणि दुसरी काही औषधेही फेनिटोईनचे प्रमाण वाढवू शकतात. म्हणून क्षयाच्या केंद्रावर गेलात तर फिटच्या गोळ्या चालू आहेत, हे लाज सोडून सांगावे. फार दिवस प्रमाण चढे राहिले तर पर्किन्ये पेशी कायमच्या जातात. आणि उलट बाजूही आहे. घाबरून गोळ्या एकदम बंद करणे त्याहून वाईट, एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतते. कमी-जास्त करायचे ते डॉक्टरनेच.

एका सरकारी रुग्णालयात रक्त तपासले. प्रमाण तिशीच्या बरेच पलीकडे निघाले. डॉक्टरांनी तिथेच ठेवून घेऊन डोस खाली आणला. दहा-बारा दिवसांत जीभ मोकळी झाली, महिन्याभरात मिस्त्री भिंतीचा आधार न घेता चालू लागले. अंधारात अजून थोडा झोक जातो. तो राहील असे डॉक्टर म्हणतात.

आपण मात्र पाचव्या शीलाची चौकशी करता करता चौथे शील मोडून बसलो होतो. न प्यालेल्या माणसाला प्यालेला म्हटले, तेही त्याच्या मागे. फुंकर मारायचे यंत्र पोलिसांकडे तरी असते. आपल्याकडे नुसती नजर, आणि तिच्यावर केवढा भरवसा.

मिस्त्रींनी आजार लपवला नसता तर हे घडलेच नसते, असे काहीजण म्हणतात. खरे आहे. पण लपवायला कोणी लावले? फिट येणाऱ्याच्या घरची सोयरीक आपणच नाकारतो. अपस्मार हे कारण दाखवून लग्न रद्द करण्याची तरतूद १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात होती, जो कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. १९९९ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. कायद्याने काढली, मनातून निघाली नाही. डोक्याला मार लागून आलेली फिट मुलीला वारशाने जात नाही, एवढे साधे उत्तर व्याह्यांना द्यायला मिस्त्रींना धीर झाला नाही.

तोल जाण्याची कारणे याशिवायही पुष्कळ आहेत, त्यांतली घराघरांत उपयोगी पडतील तेवढीच सांगतो. धडधाकट माणसाला, विशेषतः रक्तदाब वा मधुमेह असलेल्याला, अचानक गरगरून उलट्या सुरू झाल्या आणि त्याला आधाराशिवाय बसता किंवा उभे राहता येत नसेल, तर त्याला लिंबू-सरबत देऊन झोपवू नये. तो लहान मेंदूचा पक्षाघात असू शकतो. हातपाय लुळे पडत नाहीत म्हणून घरचे फसतात. कधी कधी सुरुवातीच्या सी. टी. स्कॅनमध्येही तो दिसत नाही. गाठ विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत देता येते, म्हणून १०८ ला फोन करून मोठे रुग्णालय गाठावे. पुढचे काही दिवस सूज येऊन मेंदूच्या देठावर दाब पडण्याचा धोका असतो, तेव्हा घरी न्यायची घाई नको.

लहान मूल सकाळी उठल्यावर डोके दुखते म्हणते, उलटी करते आणि चालताना अडखळू लागते, असे काही दिवस चालले तर मेंदूच्या मागच्या भागात गाठ आहे का, हे तपासलेच पाहिजे. मुलांमध्ये ती जागा गाठींची आवडती, आणि आपल्याकडे क्षयाची गाठही तिथे होते. याउलट कांजिण्या बऱ्या झाल्यावर आठ-दहा दिवसांनी एखादे पोर झिंगल्यासारखे चालू लागते. दारात कडुलिंबाचा पाला टांगणाऱ्या घरात मग देवीचा कोप झाला म्हणतात. तो लहान मेंदूचा दाह असतो, बहुतेक मुले काही आठवड्यांत आपोआप सुधारतात. तरी डॉक्टरला दाखवून खात्री करावी. काही कुटुंबांत हा आजार पिढीजात चालतो, त्यातले काही प्रकार नात्यातल्या नात्यात लग्ने झाली की जास्त दिसतात. मामाची मुलगी करण्याची आपली रीत त्या दृष्टीने सोडलेली बरी.

आणि ज्यांचा बिघाड पुरता बरा होत नाही त्यांनी हाय खाऊ नये. चीनमधल्या एका २४ वर्षांच्या स्त्रीला जन्मतःच लहान मेंदू नसल्याचे २०१४ साली डॉक्टरांनी नोंदवले. ती सहाव्या वर्षी बोलू लागली, सातव्या वर्षी चालली. पुढे लग्न झाले, मूलही झाले. उरलेला मेंदू बराच भार उचलतो. त्याला व्यायाम द्यावा लागतो. रेषेवर पावलापुढे पाऊल ठेवून चालणे, एका पायावर उभे राहणे, जवळ आधाराला माणूस ठेवून, रोज. मिस्त्री हा व्यायाम विहाराच्या फरशीवर करतात. फरशीच्या सांध्याची रेघ सरळ आहे, कारण ती त्यांनीच बसवली आहे.

परांचीवर चढणे डॉक्टरांनी कायमचे बंद केले आहे. आता ते खाली उभे राहून पोरांकडून काम करून घेतात. मुलीचे लग्न झाले, व्याह्यांना सगळे सांगून झाले. विहार समितीचे लोक त्यांच्या घरी गेले, आम्हीही गेलो. काय बोलावे ते कोणालाच सुचले नाही. वहिनींनी चहा केला. मिस्त्रींनी कप उचलला आणि आम्ही सगळे त्या कपाकडेच पाहत राहिलो. थोडा सांडला.

मिस्त्रींच्या खिशात हल्ली एक चिठ्ठी असते. औषधाचे नाव, रोजच्या गोळ्या, घरचा फोन. वाचकांपैकी ज्यांच्या घरी फिटचे औषध चालू आहे त्यांनी अशी चिठ्ठी आजच करून ठेवावी. फिट आलेल्या माणसाला कांदा आणि चप्पल हुंगवण्याऐवजी काय करावे, हे पुढच्या अंकी.